डब्यात नसलेली लस

आई,

काल दुपारी आमच्या प्रयोगशाळेतली वीज गेली आणि चांगले चार तास आली नाही. जनरेटरही ऐन वेळी सुरू होईना. सगळ्यांची धावपळ उडाली. फ्रीजरची दारं उघडू नका म्हणून कुणी ओरडतंय, कुणी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरतंय, एक मुलगी तर रडकुंडीलाच आली, तिचं वर्षभराचं काम त्या थंडाव्यावर टिकून होतं. मी मात्र माझ्या टेबलाशी बसून होते. माझं काम एका साध्या लाकडी खणात, बारीक काचेच्या कुप्यांमध्ये पडून असतं. तीन उन्हाळे गेले, त्याला कधी बर्फ लागला नाही. "मॅडम, तुमचं बरंय," असं ती मुलगी जाता जाता म्हणाली आणि मला एकदम तू दिसलीस, वीज गेल्यावर आरोग्य केंद्रातल्या फ्रीजसमोर स्टूल टाकून बसलेली. कुणाला दार उघडू द्यायची नाहीस. डॉक्टरांनाही नाही. तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या वर्षांत मी तुला माझ्या कामाबद्दल एकदाही काही सांगितलेलं नाही. आज रविवार आहे, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

तू नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका उपकेंद्राची नर्स होतीस. सरकारी कागदावर तुझ्या पदाचं नाव लांबलचक होतं, पण पाच वस्त्यांना तू 'नर्सबाई' एवढीच माहीत होतीस. उपकेंद्राच्या पुढच्या खोलीत तुझं काम आणि मागच्या खोलीत आपलं घर. वडील नगरच्या एमआयडीसीत कामाला होते, शनिवारी यायचे. कॉलेजला लागल्यापासून मीही त्यांच्याजवळ राहायचे आणि सुट्टी लागली की तुझ्याकडे. तुझ्या खांद्याला दोन गोष्टी नेहमी असायच्या. एक तो लशीचा निळा थंड डबा आणि दुसरी कापडी पिशवी. पिशवीत वही, मीठ-साखरेची पाकिटं आणि तुझा स्वतःचा स्टीलचा ग्लास. आपण बौद्ध. काही घरांत तुझ्या हातानं लेकराला डोस चालायचा, पण चहा वेगळ्या कपात यायचा. तू त्यावर कधी भांडली नाहीस, त्या घरांतला चहाच सोडून दिलास. पाणी लागलं तर आपला ग्लास काढून पुढं करायचीस. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणालीस, "माझ्या ग्लासात कोण प्यालंय ते मला ठाऊक असतं."

आपल्या स्वयंपाकघरात दोन कुकर होते. एक डाळ-भाताचा, दुसरा सरकारी. तो मोठा, जड, आत जाळीचे दोन कप्पे, त्यात काचेच्या सिरींज आणि सुया मांडलेल्या. बुधवारी संध्याकाळी तू स्टोव्हला पंप मारून तो चढवायचीस. डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, ह्याची मिनिटं मोजायची. वाफ नीट धरली की वीस मिनिटं. ती वीस मिनिटं तू कुणाशी बोलायची नाहीस. फडताळातल्या घड्याळाकडं बघत, हात पदरात गुंडाळून उभी. रॉकेलचा वास, वाफेची सूं सूं, आणि शेजारच्या चुलीवर थांबून राहिलेला भाकरीचा तवा. त्या वेळी मला ते सगळं इतकं रोजचं वाटायचं की त्याची कधी आठवण येईल असं डोक्यातही आलं नाही. आता कुठं रॉकेलचा वास आला, तर मी उगाच दोन मिनिटं तिथं रेंगाळते.

त्या वर्षी मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय मला नुकताच चढला होता, चढला हाच शब्द बरोबर. दिवाळीच्या सुट्टीत आले ती डोक्यात दोन-चार धडे घेऊन. बुधवार होता. तू कुकर चढवलास आणि घड्याळ बघायला लागलीस. मी म्हणाले, "आई, कशाला एवढं करतेस? उकळून सगळे जंतू मरत नाहीत."

तू मान वळवली नाहीस. "मंग?"

"काहींना स्पोअर असतात. बीजाणू. म्हणजे जंतू स्वतःभोवती एक टणक कवच करतो आणि झोपून राहतो. पाणी उकळलं तरी तो मरत नाही. नंतर अन्न मिळालं की पुन्हा उठतो. आम्ही प्रॅक्टिकलला बघितलंय."

वीस मिनिटं झाली. तू स्टोव्ह बंद केलास. मग माझ्याकडं वळून विचारलंस, "म्हंजी बारा वर्सं मी लेकरांना टोचतीय, त्या सुयांवर ते असत्याल?"

"असू शकतात," मी म्हणाले. आई, त्या 'शकतात'मध्ये केवढा तोरा होता माझा.

तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी गुरुवार, लसीकरणाचा वार. सकाळपासून उपकेंद्राच्या ओट्यावर लेकुरवाळ्या येऊन बसलेल्या. मी मागच्या खोलीत दाराआड होते. तू बाहेर जाऊन म्हणालीस, "आज न्हाई जमायचं. सुया आल्या न्हाईत. फुडल्या गुरुवारी या." आयुष्यात मी तुझ्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं. बायका कुरकुरत उठल्या. एक मात्र उठेना. तिचं लेकरू नऊ महिन्यांचं झालं होतं, गोवराचा डोस राहिला होता. "बाई, आमी उद्याच चाललो ऊसतोडीला, कारखान्यावर. टोळी निघाली. आता येकदम गुढीपाडव्याला माघारी," ती म्हणत होती. तू नुसतं "जमायचं न्हाई गं" एवढंच म्हणत राहिलीस आणि तिच्याकडं बघत नव्हतीस. शेवटी तीही गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे मी आज कबूल करते. मला वाटलं, माझ्या शिक्षणाला किंमत आली. माझ्या एका वाक्यावर आईनं काम थांबवलं.

शुक्रवारी तू कर्जतला डॉक्टरांना विचारायला गेलीस. दुपारी परत आलीस, चपला काढल्यास, हातपाय धुतलेस, पाणी प्यालीस आणि मला समोर बसवलंस. "साध्या उकळत्या पाण्यात ते टिकत्यात, तुझं खरंय. पन कुकरात वाफ कोंडलेली असती. ती पाण्यापरीस लई तापती. वीस मिनिटांत त्यांचा बी निकाल लागतो. डॉक्टर म्हनले, बाई, त्याच्यासाठीच तर सरकारनं ह्यो कुकर दिलाय." मग आवाज जराही न चढवता विचारलंस, "तुझ्या पुस्तकात फुडचं पान नव्हतं का?"

होतं. मी ते वाचलं नव्हतं.

"अर्धं कळलेलं लोकांला सांगू नये, पोरी. लोक इस्वास ठेवत्यात." एवढंच. तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. मी रडले, तर तू भाकरी थापायला उठलीस.

मला वाटलं, विषय संपला. तुझा संपला नव्हता. ती टोळीवर गेलेली बाई तुझ्या डोक्यातून जाईना. ऊसतोड्यांच्या कोप्यांवर गोवर आला की घरटी पसरतो, हे तू दोन हंगाम ऐकलेलं होतंस. तू तिच्या भावकीत जाऊन चौकशी केलीस, कुठला कारखाना, मुकादम कोण. कारखाना निघाला उत्तरेकडचा, नगरच्याही पलीकडं. सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडं. त्या वेळी मी बरोबर होते. डॉक्टर वैतागले. "बाई, दुसऱ्या तालुक्यात जाऊन लस देणार तुम्ही? तिथं त्यांची नर्स नाही का?"

तू म्हणालीस, "हाय की साहेब. पन तिच्या वहीत हे पोर न्हाई. माझ्या वहीत हाय."

डॉक्टरांनी बराच वेळ पेन नुसतं फिरवलं आणि मग चिठ्ठी लिहून दिली.

रविवारी, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, आपण दोघी पहाटेच्या एसटीनं निघालो. थंड डबा तू मांडीवर घेतला होतास. मी घेते म्हणाले तर दिला नाहीस. नगरच्या स्टँडवर गाडी बदलली. तिथं मी भेळ खाल्ली, तू नुसता चहा, आणि तोही आपल्या ग्लासात ओतून. पुढची गाडी उसाच्या ट्रॅक्टरांमागं मुंगीसारखी चालली. आपल्याकडं त्या दिवसांत बाजरीची कणसं खुडून रानं उघडी पडलेली, आणि इथं दोन्ही बाजूंना पाटाच्या पाण्यावर वाढलेला हिरवागार ऊस. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "एकाच जिल्ह्यात बघ की." कारखान्याच्या फाट्याला उतरून दोन मैल चाललो. बारा वाजले असतील. माळावर पन्नासेक कोप्या, चटयांच्या, बसक्या. जिकडं तिकडं पाचट आणि बैल.

ती बाई नुकतीच फडातून आली होती, बैलांना उसाच्या शेंड्यांचे वाढे टाकत होती. तुला बघून तिच्या हातातले वाढे खाली पडले. "आगं बया! नर्सबाई, तुमी? हिकडं कुठं?"

"तुझं पोर राह्यलं हुतं."

"तेवढ्यासाठी आलात?"

"तेवढ्यासाठीच. त्या दिशी सुया हुत्या माझ्याकडं. मीच भ्याले. माझी चूक झाली, बाई."

मी तिथंच उभी होते. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. चूक कुणाची हे तू त्या बाईला कधीच सांगितलं नाहीस, डॉक्टरांनाही नाही, वडिलांनाही नाही.

एक कुपी फोडली की तिच्यात पाच लेकरांचं औषध, आणि चार तासांत संपवायचं, नाहीतर फेकायचं. तू त्या बाईच्या लेकराला टोचलंस आणि शेजारच्या कोप्यांतून ज्यांचा डोस राहिलाय अशी आणखी चार बोलावलीस. तिथल्या नर्सला देण्यासाठी त्यांची नावं मी कागदावर लिहून घेतली. सुई बदलताना प्रत्येक वेळी तू ती उजेडाकडं धरून बघायचीस. गर्दीत एक बाई शेवटपर्यंत मागं थांबली होती. सगळी पांगल्यावर ती पुढं आली. कडेवर दीड वर्षांची मुलगी, मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. "बाई, हिला बी टोचा."

"काय हुतंय हिला?"

"हगवन लागलीया. कालपासनं."

तू मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीस. कातडी हळूहळू खाली बसली. "हिला सुई नको. पाणी पाह्यजे हिला."

ती बाई डब्याकडं बघत होती. "गेल्या सालाला माझं एक गेलं, ह्याच्यानंच. एवढं बर्फात घालून आणलंय तुमी, त्याच्यात हगवनीवरचं काईच न्हाई?"

आई, तू तेव्हा डब्यात वाकून बघितलंस. आत काय आहे आणि काय नाही हे तुला पाठ होतं, तरी तू बघितलंस. मग म्हणालीस, "न्हाई गं. तसलं अजून निघालं न्हाई."

मग तू चूल पेटवायला लावलीस. पाणी उकळलं, परातीत ठेवून निववलं, मीठ-साखरेचं पाकीट त्यात सोडलं. पिशवीतून तुझा ग्लास काढलास, भरलास आणि त्या बाईच्या हातात दिलास. चमच्याचमच्यानं पाजायचं. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. मला तू दुसऱ्या बाजूला बसवलंस, मुलीची आई दमली की मी. दुपार तशीच सरत गेली. मी आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतरही एवढ्या लक्षपूर्वक कुठला प्रयोग केलेला नाही. चार वाजायच्या सुमारास ती मुलगी चिडली, चमचा हातानं लोटला, आणि थोड्या वेळानं तिच्या आईचं लुगडं ओलं झालं. तू मोठ्यानं हसलीस. "मुतली! आता भ्या न्हाई!" कोपीभोवतीच्या सगळ्या बायका हसायला लागल्या, ती बाई हसता हसता रडायला लागली. तरी तू मुकादमाला गाठून तिला कारखान्याच्या दवाखान्यात पाठवायचं कबूल करून घेतलंस, आणि मुलगी बैलगाडीत बसेपर्यंत हलली नाहीस. पाडव्याला ती पहिली बाई गावाकडं आली तेव्हा कळलं, दोन्ही लेकरं धड होती.

ग्लास तू त्या आजारी मुलीच्या आईकडंच राहू दिलास. परतीच्या एसटीत तुला तहान लागली तेव्हा मला त्याची आठवण झाली. राहुरीच्या स्टँडवर तू नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यालीस आणि साडीला हात पुसत गाडीत येऊन बसलीस. मग म्हणालीस, "पोलिओचं निघालं. गोवराचं निघालं. ह्याचं का निघत न्हाई गं?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, आई."

"मंग शीक," तू म्हणालीस, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस.

त्यानंतर तीनच वर्षं तू होतीस. माझं एमएस्सी चालू असताना तुझं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि सहा महिन्यांत तू गेलीस. तुझ्या मातीला पाचही वस्त्यांवरून लोक आले. तुला वेगळ्या कपात चहा देणाऱ्या घरांतलेही आले होते. मी त्यांच्याशी बोलले, पण मनापासून नाही. माझ्यात तुझा समजूतदारपणा थोडा कमी उतरलाय.

आता माझ्या खणात काय आहे ते सांगते. मातीत, वाळल्या गवतात राहणारा एक साधा, निरुपद्रवी जिवाणू असतो. खायला मिळेनासं झालं की तोही स्पोअर करून झोपतो. ऊन, कोरडेपणा, उकळतं पाणी, सगळं सोसतो. तेच स्पोअर, ज्यांचं नाव ऐकून तू त्या रात्री जेवली नव्हतीस. आम्ही त्या जिवाणूच्या जनुकात थोडा फेरफार करतो, मग तो जे कवच विणतो त्यात हगवणीच्या एका जंतूचा लहानसा तुकडाही विणला जातो. नुसता तुकडा, त्यानं रोग होत नाही. असा स्पोअर पाण्यातून गिळला की पोटातल्या आम्लाला तो दाद देत नाही, तसाच आतड्यापर्यंत पोचतो. तिथं शरीर त्या तुकड्याला ओळखून ठेवतं, म्हणजे खरा जंतू आला की तयारी असते. सुई नाही, कुकर नाही, बर्फ नाही. पुडीत घालून कोपीपर्यंत नेता येईल. तू विचारशील, आतापर्यंत कुणाला पाजलं? उंदरांना. उंदरांत चांगलं दिसतंय. लेकरांपर्यंत जायला अजून बऱ्याच चाचण्या आहेत, आणि त्यात ते टिकेल की नाही हे मला माहीत नाही. माझ्या नोकरीच्या काळात होईल असंही वाटत नाही. मधल्या काळात लेकरांच्या जुलाबाच्या एका विषाणूवरचे थेंब निघाले, सरकार फुकट देतं. तेही थंड डब्यातूनच जातात. बाकीचे जंतू आहेत तिथंच आहेत. म्हणजे आई, एसटीत तू विचारलंस त्याचं अर्धंच उत्तर माझ्याजवळ आहे, आणि अर्धं कुणाला सांगायचं नाही असं तूच बजावलंयस. म्हणून हे पत्र तुलाच, जी ते पुढं कुणाला सांगणार नाही.

उद्या सकाळी नव्या विद्यार्थ्यांची तुकडी येते आहे. दरवर्षी येते. त्यांना मी काम समजावून सांगते आणि दरवर्षी त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच, मॅडम, तुम्ही ह्या विषयाकडं कशा वळलात? मी सांगते की एमएस्सीला असताना पुण्यात एका मोठ्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकलं आणि दिशा मिळाली. मुलं ते वहीत लिहून घेतात. असं व्याख्यान झालंच नव्हतं. पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा समोर सगळी मोठ्या घरांतली, इंग्रजी बोलणारी माणसं बसली होती, माझी आई उपकेंद्रात नर्स होती हे सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि तोंडातून ते व्याख्यान निघून गेलं. पुढं तेच सांगत राहिले. एवढ्या वर्षांत मी तुझं नाव एकदाही घेतलेलं नाही. उद्याही कुणीतरी विचारेल. ह्या वेळी खरं सांगेन असं लिहायला मी मघापासून दोनदा पेन टेकवलंय, आणि दोन्ही वेळा उचललंय.